वाक्यात उपयोग करा

पक्षाघाताचा झटका आल्यावर अकराव्या दिवशी मगदूम सरांना वाचा फुटली, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. मिरजेच्या त्या रुग्णालयाबाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. सहा महिन्यांत पावसाचा टिपूस नव्हता. उशाशी बसलेल्या पद्मजाला, म्हणजे सरांच्या एकुलत्या एक मुलीला, आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पुढचा तासभर दुसरं काही येतच नव्हतं. पाणी हवंय का? कॅट्स अँड डॉग्ज. डोकं दुखतंय? कॅट्स अँड डॉग्ज. शेवटी ती म्हणाली, "अण्णा, मी कोण? ओळखलंत का मला?" सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, ओठ जुळवले, कपाळावर घाम येईस्तोवर धडपड केली आणि म्हणाले, "बेटर लेट दॅन नेव्हर."

रावसाहेब मगदूम यांनी तासगावच्या हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायचा, आणि तो सगळ्या वर्गाने उभं राहून तीनदा मोठ्याने म्हणायचा, असा त्यांचा शिरस्ता. वर्गाबरोबर सर स्वतःही म्हणत. गावातल्या निम्म्याअधिक कर्त्या माणसांना हा फळा पाठ होता. पद्मजाला मात्र नव्हता. स्वतःच्या पोरीला आपणच मार्क देणं बरं दिसत नाही, म्हणून सरांनी तिला कन्या शाळेत घातलं. सगळ्या गावाला शिकवणारा बाप तिला फक्त जेवणाच्या वेळी भेटायचा, आणि जेवताना सर बोलत नसत.

डॉ. हेरवाडकरांनी मेंदूचं चित्र पडद्यावर उघडून तिला समजावलं. "हे बघा मॅडम, आपण बोलतो तेव्हा मेंदूचा डावा भाग गवंड्यासारखा एकेक शब्द उचलून वाक्य रचतो. तुमच्या वडिलांचा तो गवंडीच गेलाय. पण काही वाक्यं आपण रचत नाही. शिव्या, पाढे, आरत्या, 'काय, बरंय ना', असली. हजारदा म्हणून ती इतकी घट्ट झालेली असतात की मेंदू ती अख्खीच्या अख्खी उचलतो. त्यांची जागा वेगळी, मेंदूच्या पार आत आणि उजवीकडे. तिथे धक्का लागलेला नाही. बहुतेकांच्या तोंडात शिव्या उरतात. यांच्या तोंडात वाक्प्रचार उरलेत."

"पण त्यांना म्हणायचं काय असतं?"

"काहीतरी नक्की असतं. समज सगळी शाबूत आहे. घराला एकच दार उघडं राहिलं, तर आतली सगळी माणसं त्याच दारातून बाहेर येणार."

हे २०४३ साल. त्या दाराला दुसरं दार जोडायचं यंत्र तेव्हा नुकतंच निघालं होतं. त्याचं नाव 'मुखर'. डोक्यावर चढवायची केसांइतक्या बारीक तारांची जाळी आणि गळ्यात काडेपेटीएवढी डबी. माणूस बोलायला तोंड उघडतो त्याच्या पाव सेकंद आधी मेंदूत त्या बोलण्याचा कल उमटतो: विनंती आहे की नकार, राग आहे की माया, विषय माणूस आहे की वस्तू. जाळी तो कल पकडायची. कल म्हणजे काही वाक्य नव्हे, नुसता सांगाडा. त्यावर मांस चढवायला मुखरच्या पोटात चाळीस हजार घरांतलं रोजचं बोलणं भरलेलं होतं, आणि जोडीला घरच्यांनी भरून दिलेली साठ पानांची प्रश्नावली. आवाज सरांचाच, स्नेहसंमेलनाच्या जुन्या चित्रफितींतून उचललेला. परीक्षेत तो प्रश्न असतो ना, गाळलेल्या जागा भरा, तो हे यंत्र दिवसभर सोडवायचं, आणि फार झोकात सोडवायचं.

जूनमध्ये तासगावच्या घरी पहिल्यांदा जाळी चढवली. सरांनी पद्मजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटर लेट दॅन नेव्हर." लगेच गळ्यातली डबी सरांच्या चाळिशीतल्या खणखणीत आवाजात बोलली, "पद्मा, उशीर झाला खरा, पण आज सांगतो. माझं चुकलं. तुला दापोलीला जाण्यापासून मी अडवायला नको होतं."

पद्मजा पंचेचाळीस वर्षांची होती. बेदाण्याच्या शीतगृहाची व्यवस्थापक, हाताखाली साठ माणसं, आवाज चढवला की हमाल पोती जागच्या जागी ठेवायचे. ती बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली.

दापोलीची गोष्ट तशी साधी होती. बारावीनंतर तिला तिथल्या शेतकी कॉलेजला जायचं होतं, आणि सरांना तिने इंग्रजी घेऊन शिक्षिका व्हावं असं वाटत होतं. "गेलीस तर माझ्याशी बोलायचं कारण नाही," ते म्हणाले. ती गेली. आणि सरांनी शब्द पाळला. दोन वर्षं फोनवर फक्त आई. पुढे बोलणं सुरू झालं ते गॅस सिलिंडर, लाइट गेली, डॉक्टरची वेळ अशा विषयांवर, आणि आई गेल्यानंतरही ते तेवढ्यावरच राहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात. या घरात दोघांचे गहू सत्तावीस वर्षं कोठीत पडून होते.

आता डबी मात्र दिवसभर बोलायची. "आज भाजी छान झालीय." "शीतगृहात फार दमणूक होते का गं?" "जेवलीस का, बाळ?" सरांनी जन्मात कुणाला बाळ म्हटलं नव्हतं. पद्मजाला ते खटकलं, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांनी ताटात पडलेलं पक्वान्न कुणी निवडून-पाखडून खात नाही. कामावरून ती तासभर लवकर घरी यायला लागली. डबीशी, म्हणजे वडिलांशी, बोलायला.

एकच गोष्ट नीट बसत नव्हती. डबीचं बोलणं संपलं की सर स्टीलचा पेला टेबलावर आपटायचे. उजवी बाजू लुळी पडली होती. डावा हात उचलून ते हवेत वेडावाकडा फिरवायचे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि चेहरा लाल व्हायचा. डॉ. हेरवाडकर म्हणाले, "अशा रुग्णांत अस्वस्थता असतेच, हातावर ताबा नसतो," आणि गोळी लिहून दिली. गोळीने सर दुपारभर पेंगायचे. जाग आली की पुन्हा पेला.

स्वयंपाकाला आणि सरांचं करायला येणाऱ्या हौसाक्का मात्र त्या डबीला भीक घालत नव्हत्या. पद्मजा कामावर गेली की त्या जाळी काढून फडताळात ठेवत. "मला त्या पेटीचं काय कळत न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "मी आपली इचारते, भात वाढू का भाकरी? सर मान हलवत्यात. झालं की. तुमी दोघं शिकल्यालं, तुमाला पेटी लागती."

सप्टेंबरात रुग्णालयाने पुढची पायरी सुचवली. जाळी काढून मुखर कायमचं कवटीखाली बसवायचं. मग डबीची गरज नाही; यंत्र थेट जिभेच्या आणि गळ्याच्या नसा चालवणार, सरांचे ओठ हलणार, सरांच्याच तोंडून अस्खलित मराठी येणार. "आणि ती इंग्रजी टेप बंद होईल," डॉक्टर म्हणाले. "दोन बोलणी एका तोंडात मावत नाहीत. जुनी वाट आम्ही बुजवून टाकतो. पुन्हा उघडता येत नाही, हे मात्र लक्षात घ्या."

याच सुमारास सरांनी एक नवीन वाक्प्रचार धरला. सकाळ-संध्याकाळ, पद्मजा समोर आली की, "गॉट कोल्ड फीट." डबी त्यावर म्हणायची, "ऑपरेशनची थोडी धास्ती वाटतेय गं. पण तू आहेस ना, मग होऊन जाऊ दे." हे पटण्यासारखंच होतं. कुणाला वाटणार नाही धास्ती?

संमतीचा दिवस ऑक्टोबरातला शुक्रवार ठरला. सर मुखरमधून हो म्हणणार, आणि 'वरील विधान रुग्णाचं स्वतःचंच आहे' या ओळीखाली पद्मजाने सही करायची. मंगळवारी शेवटची चाचणी झाली. सरांना गाडीत बसवून ती कागद घ्यायला परत वर आली, तेव्हा वाचा-उपचार करणाऱ्या शबाना मुजावरने तिला जिन्यात गाठलं. शबाना चाळिशीची, मिरजेत नावाजलेली, आणि एकेकाळची सरांची विद्यार्थिनी.

"पद्मजाताई, हे दाखवायची मला परवानगी नाही," ती म्हणाली आणि हातातल्या टॅबचा पडदा पुढे केला. "मुखर प्रत्येक वाक्याची नोंद ठेवतं. हा शेवटचा रकाना बघा. त्या वाक्यात पेशंटचा स्वतःचा वाटा किती."

'भाजी छान झालीय', एकतीस टक्के. 'होऊन जाऊ दे', चौदा टक्के. 'बाळ', शून्य.

पद्मजाचं बोट जूनपर्यंत वर सरकत गेलं. 'माझं चुकलं', नऊ टक्के.

"मग बाकीचं कुणी म्हटलं?"

"चाळीस हजार घरांनी," शबाना म्हणाली. "लेकीसमोर बाप सहसा काय म्हणतो, काय म्हटलं की लेक शांत होते, ते यंत्राला माहीत असतं. समोरचा खूश झाला की आपलं उत्तर बरोबर, असं ते शिकत जातं."

"पण दापोली? दापोली चाळीस हजार घरांत नाही."

शबानाने पडद्यावर प्रश्नावली उघडली. "प्रश्नावलीतला बावन्नावा प्रश्न. वडिलांनी तुमच्याशी बोलायची राहून गेलेली गोष्ट कोणती? तुम्ही अर्धं पान लिहिलंय, ताई."

पद्मजाला ते अर्धं पान आठवलं. शब्दसुद्धा तेच होते, अडवायला नको होतं. आपणच पत्र लिहून आपल्याच पत्त्यावर टाकलं आणि पोस्टमन आला म्हणून दारात नाचलो. तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा राग जास्त आला. तो समोर उभ्या असलेल्या बाईवरच निघाला. "चार महिने गप्प बसलीस, मग आज कशाला सांगितलंस? मला कळलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

"शुक्रवारी ती वाट बुजवणार आहेत म्हणून सांगितलं," शबाना म्हणाली. "मी दोन वर्षं सरांच्या वर्गात होते. दुसऱ्याचं उतरवून आणलेलं एक वाक्य त्यांनी कधी चालवून घेतलं नाही."

घरी आल्यावर पद्मजाने काय करावं? जाळी फेकून द्यावी, असं कुणीही म्हणेल. तिने ती सरांच्या डोक्यावर नीट चढवली, तारा विंचरल्यासारख्या सरळ केल्या आणि समोर खुर्ची ओढून बसली. "अण्णा, दापोलीचं काय म्हणत होतात?"

"गॉट कोल्ड फीट," सर म्हणाले.

"माझं चुकलं, बाळ," डबी म्हणाली.

नऊ टक्के, तिच्या मनात आलं. तरी ऐकावंसं वाटलंच. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच मिळालं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरांनी पेला आपटला नाही, तो भिंतीवर फेकला. मग डाव्या हाताने जाळी ओढून काढली, दोन तारा तुटल्या, कपाळावर रक्ताचा ओरखडा उठला. ते तिच्याकडे बघत राहिले आणि उघड्या, घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "गॉट कोल्ड फीट. गॉट कोल्ड फीट." तो आवाज चार महिन्यांत तिने डबी बोलायच्या आधीचा खरखराट म्हणून सोडून दिला होता. हौसाक्का आतून हळद घेऊन आल्या. त्यांनी ती ओरखड्यावर दाबली. पद्मजाने त्या रात्रीपासून सरांना गोळी दिली नाही.

बुधवारी दुपारी शबाना घरी आली. हातात खाकी वेष्टणाची शाळकरी वही होती. कालच्या बोलण्याबद्दल पद्मजा काही म्हणणार, तोवर शबानाचं लक्ष सरांकडे गेलं. गोळी नसल्यामुळे ते टक्क जागे होते. पद्मजा म्हणाली, "अण्णा, शबानाला बघून बरं वाटलं का?" सरांचा डावा हात उठला, हवेत आधी खाली आला आणि मग तिरका वर गेला.

"हे असं कधीपासून करतात?"

"सुरुवातीपासून. डॉक्टर म्हणाले ताबा नाही."

"चाचणीत आम्ही हात पट्ट्याने बांधतो, तारा हलू नयेत म्हणून," शबाना म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "म्हणून मी कधी पाहिलंच नाही. ताई, हे थरथरणं नाही. हे तपासणं आहे. वर्गात सर उजव्या हाताने करायचे."

मग तिने पद्मजाला तो वर्ग सांगितला, जो निम्म्या तासगावाला ठाऊक होता आणि सरांच्या मुलीला नव्हता. वाक्प्रचार तीनदा म्हणून झाला की सर स्वतःचं एक वाक्य सांगत. मग कुणाकडेही बोट करत: वाक्यात उपयोग करा. मार्गदर्शकातलं वाक्य चालायचं नाही. तुझ्या घरातलं, तुझ्या गल्लीतलं, खरं घडलेलं हवं. मुलाने उभं राहून वाक्य सांगितलं की सर अवाक्षर बोलत नसत. नुसतं बोट हवेत फिरायचं. बरोबरची खूण, नाहीतर फुली. फुली पडली की उभं राहूनच दुसरं वाक्य.

पद्मजा भिंतीला टेकली. जूनपासूनच्या सगळ्या फुल्या तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. भाजी छान झालीय, फुली. बाळ, फुली. माझं चुकलं, पेला आणि फुली. तिचा बाप चार महिने तिच्यासमोर बसून पेपर तपासत होता आणि तिने त्याला झोपेची गोळी दिली होती.

"सरांची वाक्यं मी सगळी उतरवून घ्यायचे," शबाना वही उघडत म्हणाली. "बघा. पीस ऑफ केक, डाव्या हातचा मळ असणे. सरांचं वाक्य: आमच्या हेडमास्तरांना रजा नाकारणं हा पीस ऑफ केक आहे." सरांचा अर्धा ओठ हलला. "कॅट्स अँड डॉग्ज, मुसळधार पाऊस पडणे. सरांचं वाक्य: माझी मुलगी जन्मली त्या दिवशी असा पाऊस होता की मी येरळा नदीच्या पलीकडे अडकून पडलो. आणि त्याच पानावर, बेटर लेट दॅन नेव्हर. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचलो."

रुग्णालयातला तो अकरावा दिवस. मी कोण, ओळखलंत का? त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

"कोल्ड फीट," पद्मजा म्हणाली. "कोल्ड फीट आहे का त्यात?"

शबानाने पानं उलटली. "आहे. डिसेंबर २०१६. ऐन वेळी धीर सुटणे. सरांचं वाक्य..." तिने वही पद्मजाकडे वळवली. "ताई, आम्ही सगळी हसलो होतो याला. कसला भित्रा बाप, म्हणून. सर हसले नव्हते, फळा पुसायला लागले होते. तुम्हीच वाचा."

वाक्य इंग्रजीत होतं, नववीतल्या मुलीच्या गोल अक्षरात. एक बाप अकरा तास एसटीने प्रवास करून दापोलीला गेला, पण होस्टेलच्या फाटकापाशी त्याचा धीर सुटला आणि तो आल्या पावली परतला.

त्या डिसेंबरात आई फोनवर म्हणाली होती, अण्णा बोर्डाच्या कामाला पुण्याला गेलेत, दोन दिवस नाहीत. पद्मजा तेव्हा होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून फाटक दिसायचं. तिने कितीदा बघितलं असेल त्या फाटकाकडे, कुणाची वाट न बघता.

"अण्णा," ती म्हणाली, "तो बाप तुम्ही?"

हात उठला. बरोबर.

तिला थांबता येईना. तिने वही मिटली आणि सरांच्या समोर जाऊन एकदम विचारलं, "मला अडवलंत ते चुकलं, असं वाटतं तुम्हाला?"

सर बराच वेळ तिच्याकडे बघत होते. उत्तर टाळत नव्हते, विचार करत होते. मग डावा हात उठला आणि हवेत सावकाश, दोन्ही रेघा पुऱ्या करून, फुली काढली.

शबानाने मान खाली घातली. हौसाक्का दारातच थबकल्या. आणि पद्मजाला, तिचं तिलाच कळेना का, हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहायला लागले. हा तिचा बाप होता. शहात्तर वर्षांचा, अर्धा लुळा आणि अजूनही आपलंच खरं म्हणणारा. गेल्या चार महिन्यांत तिला त्याची आठवण येत होती, हे तिला आत्ता कळलं. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

"फाटकाशी आलात, पण वर आला नाहीत. त्याचं वाईट वाटतं?"

बरोबर. लगेच, आणि मग पुन्हा एकदा, पहिली खूण नीट आली नव्हती म्हणून.

शुक्रवारी ती सरांना घेऊन मिरजेला गेली. संमती नोंदवणाऱ्या समितीचे तिघं टेबलापलीकडे बसले होते. नियमाप्रमाणे दुरुस्त केलेली जाळी चढवली आणि डबी गोड आवाजात म्हणाली, "माझी पूर्ण संमती आहे. माझ्या लेकीला माझ्याशी बोलता यावं, एवढीच इच्छा." डॉ. हेरवाडकरांनी कागद पुढे सरकवला.

पद्मजाने डबी बंद केली. क्षणभर तिचा हात डबीवर रेंगाळला. हा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नाही, आणि येणार नाही याला कारण आपण असू, हे तिला नीट ठाऊक होतं. मग ती उभी राहिली. "अण्णा, मी वाक्य सांगते, तुम्ही तपासा. मला ऑपरेशन हवं आहे."

फुली.

"मला भीती वाटते म्हणून नको आहे."

फुली.

"माझं मी बोलेन. अडलं तर अडलं."

बरोबर. शबाना खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"मॅडम, हे शास्त्रीय नाही," डॉक्टर म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "नकाराची अशी खूण ग्राह्य धरता येत नाही. आणि पुढे? अशा एकेक वाक्याने किती बोलाल तुम्ही? आयुष्य जाईल."

"तसंही गेलंच आहे बरंचसं," पद्मजा म्हणाली, आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद परत दिला.

तिन्हीसांजेला घरी पोचले. हौसाक्कांनी चहा ठेवला. सरांना खुर्चीत बसवून पद्मजा टेकली, तोच ते म्हणाले, "अ पीस ऑफ केक." तिने पाच वाक्यं करून पाहिली, हेडमास्तरांचं धरून. पाचही फुल्या. काय म्हणायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि चहा गार झाला. असंच होणार होतं आता, रोज. डॉक्टर काही खोटं बोलले नव्हते.  केलं ते बरोबर केलं ना?

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग डावं बोट उचलून थेट तिच्याकडे रोखलं. "बेटर लेट दॅन नेव्हर."

ती उभी राहिली. या वयात, घरात, बापासमोर, पोरीसारखी हात बाजूला सोडून उभी राहिली. विचार करायला तिला वेळ लागला आणि सरांनी तो दिला.

"पंचेचाळिसाव्या वर्षी मी मगदूम सरांच्या वर्गात आले."

सरांनी फुली काढली.

 तिने हौसाक्कांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा सरांकडे पाहिलं. सर वाट बघत होते, भुवया किंचित वर, चौतीस वर्षं ज्या चेहऱ्याला सगळा गाव घाबरायचा तो चेहरा करून. मग तिच्या लक्षात आलं. वाक्यात उपयोग करा. वाक्य खरं होतं, पण वाक्प्रचार त्यात आलाच नव्हता.

"पंचेचाळिसाव्या वर्षी मी मगदूम सरांच्या वर्गात आले," ती म्हणाली. "बेटर लेट दॅन नेव्हर."

डावा हात खाली आला आणि तिरका वर गेला. ती खाली बसायला लागली, तर सरांनी बोट हलवून तिला उभंच ठेवलं. तास अजून संपला नव्हता.